जाधवराव तुमच्याशी खरं बोलतो

या प्रवासाची अट एकच आहे. जिथे उतराल तिथे पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक असेल, पण तोंड उघडायचं नाही. कोणाला सावध करायचं नाही, कोणाचा हात धरायचा नाही. अट जाचक वाटत असेल तर एवढं लक्षात घ्या, की नाटकाचं तिकीट काढणारा जवळजवळ प्रत्येक जण ती मुकाट्यानं पाळत आलेला आहे.

फडके रोडवरची गर्दी मागे टाका आणि डोंबिवलीच्या पुलावरून फलाटावर उतरा. मोबाइल घरीच राहू दे. मुंबईकडे तोंड करून उभे राहू नका. पहिला मुक्काम उलट्या दिशेला आहे.

कल्याण, १८६७

गाडी सुटते आणि मागे वळून बघता तर डोंबिवली स्टेशन नाहीच. दोन्ही बाजूंना भातखाचरं, पलीकडे खाडी, आणि इंजिनातून उडालेल्या काजळीचे ठिपके तुमच्या सदऱ्यावर. आगगाडी ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत येऊन तेरा वर्षं झाली आहेत, तरी रुळाशेजारची पोरं अजून धावत बघायला येतात.

कल्याणात उतरा. दुर्गाडीच्या खाली बंदरावर गलबतं लागलेली आहेत. गावात १८६४ साली सार्वजनिक वाचनालय निघालं आहे. तिथे जाऊन एखाद्या कोपऱ्यात बसा आणि मी तुमच्या झोळीत टाकलेलं पुस्तक काढा. यंदाच छापून आलेलं आहे: महादेवशास्त्री कोल्हटकरांनी मराठीत आणलेलं 'ऑथेल्लो'. शेक्सपिअरचं मराठीत उतरलेलं हे पहिलं नाटक मानलं जातं. रंगभूमीवर ते अजून आलेलं नाही. सध्या ते फक्त वाचायचं आहे.

वाचा. व्हेनिसचा सेनापती ऑथेल्लो हा परका, काळा माणूस, पण लढाईत त्याच्या तोडीचा कोणी नाही. डेस्डेमोना बापाला न सांगता त्याच्याशी लग्न करते. ऑथेल्लोच्या हाताखाली इयागो नावाचा अधिकारी आहे. बढती आपल्याला मिळेल असं त्याला वाटत होतं. ती मिळाली कॅशिओला. इथून पुढे इयागो ऑथेल्लोच्या मनात एकच गोष्ट पेरतो: तुझी बायको आणि कॅशिओ यांच्यात काहीतरी आहे. पुरावा म्हणून एक रुमाल पुढे येतो. ऑथेल्लोनं बायकोला दिलेला, तिच्या हातून पडलेला, इयागोच्या बायकोनं उचललेला आणि इयागोनं कॅशिओच्या खोलीत टाकलेला. एवढ्या रुमालावर ऑथेल्लो बायकोचा जीव घेतो, खरं कळल्यावर स्वतःचाही.

पुस्तक मिटण्याआधी एक गोष्ट टिपून ठेवा. नाटक ऑथेल्लोच्या नावाचं असलं तरी जास्त ओळी इयागोच्या वाट्याला आहेत. नाटकातले लोक येता-जाता त्याला प्रामाणिक म्हणतात. ऑथेल्लो तर पुन्हा पुन्हा म्हणतो. तो प्रामाणिक नाही हे कोणाला माहीत आहे? वाचणाऱ्याला. रंगमंच रिकामा झाला की इयागो पुढे येतो आणि आपला बेत सांगतो. ज्यांना फसवायचं त्यांच्यापासून लपवलेलं सगळं तो एका परक्या माणसाच्या हवाली करतो. तो परका माणूस तुम्ही.

त्याच वर्षी, १८६७ मध्ये, नट गणपतराव जोशी जन्माला आले आहेत. अठ्ठावीस वर्षांनी तुम्हाला त्यांच्यासमोर बसायचं आहे.

ठाणे ते भायखळा, १८९५

थंडीचे दिवस. तिन्हीसांजेला मासुंदा तलावाच्या काठानं चालत या. कौपिनेश्वराच्या देवळातली घंटा ऐकू येते. गाव छोटं, पण जिल्ह्याचं ठाणं; कलेक्टर कचेरी, कोर्ट आणि किल्ल्यातला तुरुंग यांच्यावर निम्मं गाव जगतं. दोन वर्षांपूर्वी विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या मित्रांनी इथे केवळ मराठी पुस्तकांसाठी ग्रंथसंग्रहालय काढलं आहे. त्या मंडळींच्या गप्पांत सध्या एकच हळहळ: आगरकर जूनमध्ये गेले. 'हॅम्लेट' मराठीत आणणारा माणूस गेला. त्याचं 'विकारविलसित' शाहूनगरवासी नाटक मंडळी अजून करते आहे.

तुम्हाला त्याच मंडळीचा खेळ बघायचा आहे. कंपनीचा मुक्काम मुंबईत आहे असं धरू या. थर्ड क्लासच्या बाकावर शेजारी कचेरीतले एक वयस्कर कारकून बसले आहेत: उपरणं, पगडी, मांडीवर भाकरीचं फडकं.

"झुंझाररावाला निघालात वाटतं?"

"हो."

"पहिलाच खेळ?"

तुम्ही मान हलवता. अट आठवते, गोष्ट माहीत आहे हे सांगायचं नाही.

"मग एक ऐका माझं. गणपतरावांकडे सगळेच बघतात. तुम्ही जाधवरावाकडे बघा. नाहीतर गळा कधी कापला ते कळायचं नाही."

भायखळ्याला उतरून घोड्यांची ट्राम पकडा, ग्रँट रोडला. थिएटरच्या दाराशी ग्यासचे दिवे, पानवाले, हँडबिलं वाटणारी पोरं. आत पिटात दाटीवाटी, वर गॅलरीत गिरणीतून थेट आलेले लोक. घंटा होतात. आज गाणी नाहीत. 'शाकुंतल' आल्यापासून पंधरा वर्षं सगळीकडे संगीत नाटकांचा बोलबाला आहे, पण ही कंपनी गद्याला चिकटून आहे. गाण्याच्या आधाराशिवाय केवळ शब्दांवर रात्र काढायची.

'झुंझारराव' १८९० चं. लेखक गोविंद बल्लाळ देवल, हरिपूरचे. कोल्हटकरांनी भाषांतर केलं होतं. देवलांनी व्हेनिस उचलून आपल्या मातीत आणलं. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डेमोनाची कमळजा, इयागोचा जाधवराव. देवल नुसते लिहीत नाहीत, तालमी घेतात, आणि कडक घेतात. वाक्य कुठे तोडायचं, कुठे दम घ्यायचा, हे नटाच्या घशात बसेपर्यंत सोडत नाहीत. या नाटकात त्याचं मोल कळतं, कारण इथे कटाचा सगळा कारभार अर्धवट तोडलेल्या वाक्यांवर चालतो.

पडदा वर जातो. गणपतराव प्रवेश करतात आणि तुम्ही कारकुनांचा सल्ला विसरता. भारदस्त, सावकाश, दुसऱ्याच्या वाईटपणावर विश्वासच बसत नाही अशा माणसाचा आवाज. शेजारी कमळजा. कंपनीत नायिकेच्या भूमिका बळवंतराव जोग करतात. पुरुष आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण पाच मिनिटांत ते मनातून जातं. मग हे दोघं जातात, जाधवराव मागे राहतो, दिव्यांच्या पुढे येतो आणि तुमच्याशी बोलायला लागतो.

नीट ऐका. तो तुम्हाला आपला बेत सांगतो. कारणंही सांगतो, पण प्रत्येक वेळी वेगळी. शेक्सपिअरच्या इयागोचंही तेच आहे: एकदा बढती, एकदा आपल्याच बायकोबद्दलचा वहीम, एकदा नुसता द्वेष. बेत खरा, कारणांचा भरवसा नाही. म्हणजे ज्या एकाच माणसाशी तो खरं बोलतो, त्यालाही तो पुरतं खरं सांगत नाही. तरी तुम्हाला बरं वाटतं. का? कारण बाकीच्यांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. त्यानं तुम्हाला विश्वासात घेतलं आहे. पिटात आजूबाजूला बघा. लोक त्याच्या बोलण्यावर हसतायत. तुम्हीही हसलात.

आता मधला प्रवेश. साऱ्या नाटकाचं मर्म इथे आहे. दूरवर कमळजा आणि कॅशिओच्या जागी असलेला तरुण बोलून वेगळे होतात. जाधवराव काहीतरी पुटपुटतो. झुंझारराव विचारतो, काय म्हणालास? काही नाही, सहज. पुन्हा विचारतो. जाऊ द्या, उगाच मनात आलं. झुंझाररावाच्या आवाजात पहिली चीर पडते, आणि आता तोच हट्टाला पेटतो: बोल, मनात आहे ते बोल. जाधवराव त्याला एकही गोष्ट सांगत नाही, ती काढून घ्यायला लावतो. समोरच्यानं स्वतः ओढून काढलेल्या गोष्टीवर त्याचा कोणाहीपेक्षा जास्त विश्वास बसतो. मग तो उलट झुंझाररावालाच बजावतो: मत्सर वाईट, त्याच्या नादी लागू नका. दुधात विरजण किती लागतं? बोटाच्या टोकावर मावेल एवढं. बाकी काम दूधच करतं.

झुंझारराव भोळा आहे म्हणून फसला, असं घरी गेल्यावर सगळे म्हणतील. तुम्ही तसं म्हणू नका. तो पुरावा मागतो. डोळ्यांना दिसेल असा पुरावा दे, नाहीतर तुझी खैर नाही, असं धमकावतो. भोळ्याला पुरावा लागत नाही; याला लागतो, आणि तिथेच तो सापडतो. कारण पुरावा आणणारा माणूस तोच, ज्यानं आरोप आणला. नवऱ्यानं प्रेमानं दिलेली एक वस्तू नको त्या हातात दिसली की झुंझाररावाला वाटतं, आता डोळ्यांनी बघितलं. वस्तू त्यानं बघितली हे खरंच आहे, पण ती तिथे आली कशी हे त्यानं बघितलेलं नाही. तुम्ही बघितलं आहे.

रात्रीचा एक वाजून गेला आहे. शय्यागृह. समईच्या उजेडात कमळजा झोपलेली. गणपतरावांचा आवाज इतका खाली आला आहे की गॅलरीतले लोक श्वास धरून बसलेत. ती जागी होते, विनवते. तुमच्या हाताच्या मुठी वळल्या आहेत. एक वाक्य पुरेल, बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं तरी. पण अट आहे.

ती सगळ्यांनीच पाळली असं नाही. स्टेंधाल या फ्रेंच लेखकानं एक प्रसंग नोंदवला आहे: १८२२ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या थिएटरात पहाऱ्यावरच्या एका शिपायाला हा प्रवेश सहन झाला नाही, त्यानं बंदूक उचलली आणि ऑथेल्लो करणाऱ्या नटाचा हात मोडला.  पण त्यानंही गोळी झाडली ती ऑथेल्लोवर. इयागोवर कोणी झाडत नाही. त्यानं तर आपल्याला खास विश्वासात घेतलेलं असतं.

खेळ संपतो. झुंझाररावानं स्वतःला संपवलं आहे. टाळ्या पडतात, पण उशिरा, भानावर आल्यावर. पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत फलाटावर थांबा. कारकून तिथेच आहेत. "काय, बघितलंत जाधवरावाकडे?" बघितलं, पण कसं बघितलं ते त्यांना सांगवत नाही.

गंधर्वांच्या खेळाला, १९१६

झोप लागू देऊ नका, गाडी एकवीस वर्षं पुढे आली आहे. जूनमध्ये देवल गेले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं त्यांचं 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणलं आहे. मूळ नाटक मोलिएरचं, इंग्रजीतून फिरून आलेलं. देवलांनी आधी ते 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' म्हणून गद्यात लिहिलं होतं, शेवटी शेवटी त्यात पदं घातली.

खुर्ची पकडा आणि बघा: गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव, बालगंधर्वांची रेवती. रेवतीच्या हातून आश्विनशेटची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर बघून फाल्गुनरावाचं डोकं फिरतं. तिकडे रेवतीला सावरताना नवऱ्याला बघितल्यामुळे कृत्तिकेचंही फिरलेलं आहे.

थांबा. ही गोष्ट तुम्ही आधी बघितली आहे. संशयी नवरा, भलत्याच हाती लागलेली वस्तू, डोळ्यांनी बघितलेला खोटा पुरावा. तोच लेखक, तोच माल. तिथे मुडदे पडले, इथे लोक पोट धरून हसतायत. फरक कुठे पडला?

ऐका, म्हणजे कळेल. फाल्गुनराव आणि कृत्तिका गप्प बसत नाहीत. ओरडतात, टोमणे मारतात, नोकराला मध्ये घालतात, दुसऱ्याच्या दारात जाऊन तंटा करतात. अब्रू जाते, पण बोलणं थांबत नाही, आणि एवढं बोलल्यावर खरी गोष्ट कुठूनतरी बाहेर सांडतेच. झुंझारराव अब्रूदार आहे. तो खालच्या आवाजात बोलतो, एकाच माणसाशी बोलतो, आणि तो माणूस जाधवराव असतो. घराघरांतल्या ज्या कटकटीला आपण नावं ठेवतो, तिनं किती जीव वाचवले असतील, हे देवलांची दोन नाटकं पाठोपाठ बघितल्याशिवाय लक्षात येत नाही.

ठाणे, रंगायतन

पुन्हा मासुंदा तलाव, पण आता त्याला सगळे तलावपाळी म्हणतात. काठावर १९७८ साली उभं राहिलेलं राम गणेश गडकरी रंगायतन. दारात भेळवाल्यांचे कंदील, फुगेवाले, तिकिटाच्या खिडकीशी रांग. फलकावर 'नटसम्राट'.

हे नाटक २३ डिसेंबर १९७० ला गोवा हिंदू असोसिएशननं पहिल्यांदा केलं. लेखक वि. वा. शिरवाडकर; त्यांनी त्याआधी 'ऑथेल्लो'ही मराठीत आणलेला. आप्पा बेलवलकरांच्या भूमिकेत आज लागू असोत, दत्ता भट असोत, सतीश दुभाषी असोत, नाटकातल्या त्या म्हाताऱ्या नटाचं खरं नाव गणपतराव आहे, आणि त्यानं आयुष्यभर जगलेल्या भूमिकांत ऑथेल्लो आहे. ग्रँट रोडची ती रात्र तुमच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे ते नाव ऐकून तुम्ही सावरून बसता.

आप्पांनी निवृत्त होताना होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकलं आहे. विश्वास ठेवला, तोही पोटच्या पोरांवर. मुलाच्या घरी निभत नाही म्हणून मुलीकडे जातात, आणि तिथे पैसे नाहीसे होतात. संशय कोणावर? आईबापांवर. पैसे नंतर सापडतात, पण तोवर उशीर झालेला असतो; ज्या कावेरीला आप्पा 'सरकार' म्हणतात तिला घेऊन ते घर सोडतात.

या प्रवेशात जाधवरावाला शोधा. सापडणार नाही. कोणी कान भरले नाहीत, कोणी वस्तू पेरली नाही. ज्या माणसानं आयुष्यभर ऑथेल्लो केला, त्याला शेवटी डेस्डेमोनाच्या जागी उभं राहावं लागलं, आणि ते करायला खलनायक लागलाच नाही. पैसे नाहीत एवढं दिसलं, बाकीचं मनानं भरून काढलं. शिरवाडकर शेक्सपिअरच्या एक पाऊल पुढे गेले ते इथे.

परत, आज

गाडी डोंबिवलीला लागली. मोबाइल घेतलात की त्यात पहिली बातमी ठाण्याची असेल किंवा कल्याणची: कोणा निवृत्त माणसाला पोलीस असल्याचं सांगून कोणीतरी व्हिडिओ कॉलवर 'अटक' केली आणि आयुष्यभराची पुंजी लांबवली. वाचणारे म्हणतात, शिकलेली माणसं एवढी भोळी कशी? तुम्ही आता तसं म्हणणार नाही. त्या माणसानंही पुरावा मागितला होता. त्याला शिक्क्याचा कागद दाखवला, गणवेश दाखवला. आणि फोन करणाऱ्यानं पहिली अट काय घातली? फोन ठेवायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही. जाधवरावाचं सगळं शास्त्र त्या अटीत आहे. आधी माणसाला एकटं पाडायचं, मग आरोपही आपला, पुरावाही आपला, सल्लाही आपलाच.

म्हणून विश्वास कोणावरच ठेवू नये, असा धडा या नाटकातून काढणं म्हणजे ते उलटं वाचणं. झुंझाररावानं विश्वास कमी ठेवला असता तरी तो वाचला नसता. त्यानं कमळजेवर कमीच ठेवला, आणि तिचा जीव गेला. चूक झाली ती दुसरीकडे. तिसऱ्याबद्दल जे ऐकलं ते त्यानं त्या तिसऱ्याला विचारलं नाही. आणि बायकोला, तिच्या सोबतिणीला विचारलं तेव्हा निकाल आधीच लागलेला होता. तेव्हा उद्या कोणी तुमच्या कानाशी येऊन अर्धं वाक्य बोललं आणि उरलेलं तुमच्याकडून काढून घ्यायला लागलं, तर ज्याच्याबद्दल बोलणं आहे त्याला बोलवा, त्याच्यासमोर आणि मोठ्यानं विचारा. भांडण झालं तरी चालेल. आणि कट रचला जाताना तुम्ही पिटात बसलेले असाल, कोणी तुम्हाला विश्वासात घेऊन सगळं सांगत असेल, तर गप्प बसायची अट नाटकाच्या तिकिटावर आहे, बाहेर नाही.

शेक्सपिअरनं तो प्रश्न नाटकात घातलेला आहे. ऑथेल्लो कॅशिओला विचारतो, हा रुमाल तुझ्याकडे कसा आला? कॅशिओ म्हणतो, माझ्या खोलीत सापडला. प्रश्न एका ओळीचा, उत्तरही तेवढंच. तो विचारला जातो शेवटच्या प्रवेशात, आणि तोवर डेस्डेमोना मेलेली आहे.